खंडागळे मॅडम आणि पियानोची सोंगं

खंडागळे मॅडमकडे पियानो शिकायला जाणाऱ्या माणसाला सुरुवातीचे बरेच दिवस पियानोला हात लावायला मिळत नसे. मला पहिल्या दिवशी त्यांनी तुणतुणं दिलं. मी विमा कंपनीतला अधिकारी, वय चाळिशीच्या पुढे, माळव्यातल्या आमच्या शहरातल्या विजय नगरच्या ऑफिसातून गळ्यातलं ओळखपत्रही न काढता थेट त्यांच्या स्नेहलतागंजातल्या घरी पोचलो होतो. रक्तदाबासाठी एखादा छंद लावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोर भिंतीला लागून काळा पियानो उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत एका तारेवर टुंग टुंग करत होतो. मॅडम आत वरणाला फोडणी देत होत्या.

थोड्या वेळानं मी थांबलो, तर आतून आवाज आला, "थांबू नका मुळेजी. तुणतुणं थांबलं तर गाणाऱ्यानं काय करायचं?"

"मॅडम, गाणारं तर कोणी नाहीये इथे."

"येईल. तुम्ही चालू ठेवा."

कोणी आलं नाही. वरण झालं, भात झाला, खिडकीतून स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा आत येत राहिल्या आणि माझा तास संपला. निघताना मी विचारलं, "पियानो कधी सुरू करायचा?"

"तो कुठे पळून नाही राहिला," मॅडम म्हणाल्या.

त्या उंच होत्या, काटक होत्या आणि सुती साडीला अशी खळ घालत की बसल्या तरी साडी उभीच असल्यासारखी वाटे. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. जवळच्याच महूच्या छावणीतल्या फौजी घरातली ती सवय. एका शाळेत त्यांनी आयुष्यभर संगीत शिकवलं, म्हणजे प्रार्थना, राष्ट्रगीत आणि स्नेहसंमेलन. निवृत्तीनंतर जे शिकवायचं होतं ते त्या घरी शिकवत होत्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर "राहून गेलं," म्हणत. गॅस सिलिंडर सांगायचा राहून गेला, हे सांगतानाही त्यांचा हाच सूर असे.

त्यांना कोणी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही, आणि रागावतानाही नाही. "वा" हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. फारच चांगलं वाजलं तर "चालेल" म्हणत. ते ऐकायला लोक दोन-दोन वर्षं येत.

पियानोबद्दल त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. "ही पेटी आहे," त्या म्हणत. "आत हातोड्या आहेत. हिला मींड येत नाही, सुरावरून सुरावर घसरता येत नाही, सूर धरून ठेवता येत नाही, श्वास नाही. आता अशा वाद्यानं करायचं काय? सोंगं काढायची. स्पेनवाल्यांनी हिला गिटार व्हायला लावलं. हंगेरीत आपल्या संतूरसारखं काठ्यांनी वाजवायचं वाद्य आहे, तिथल्या लोकांनी हिला ते व्हायला लावलं. कोणी मेंढपाळाची बासरी केली, कोणी बॅगपाइप. मोठमोठ्या माणसांनी खेड्यातली वाद्यं ऐकून हे लिहिलंय. आणि आपले लोक ते इस्त्रीचा शर्ट घालून टाइप करून राहिले."

म्हणून त्यांच्याकडे नियम होता. जे सोंग काढायचं, त्याचं मूळ आधी हातात घ्यायचं. पुस्तकांच्या मांडणीवर पुस्तकं नव्हती. तिथे एक गिटार, अर्ध्या तारा गेलेलं संतूर, खंजिरी, अलगोजा नावाची जोडबासरी आणि खालच्या खणात गादीच्या खोळीत गुंडाळलेला बॅगपाइप होता.

माझ्या वाट्याला पहिली खरी रचना आली ती स्पॅनिश होती. त्यात एकाच पट्टीवर दोन्ही हातांनी आळीपाळीनं बोट मारायचं होतं, गिटारवाला अंगठा आणि बोटं मारतो तसं. मी मारत होतो. मॅडम बराच वेळ ऐकत होत्या.

"मुळेजी, तुम्ही दाबून राहिले. गिटारची तार दाबून वाजत नाही. खुडावी लागते. घरी मेथी निवडता का?"

"बायको निवडते."

"मग आठवडाभर तुम्ही निवडा. बोट पानाला लावलं की लगेच उचलायचं. पान चुरगळायचं नाही."

मी आठवडाभर मेथी निवडली. पहिले दोन दिवस बायकोनं काही विचारलं नाही, पण तिसऱ्या दिवशी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. कारण कळल्यावर तिनं स्वतःच मॅडमना फोन केला. पुढच्या रचनेला कपड्यांना इस्त्री करायची गरज पडते का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मॅडमनी गांभीर्यानं विचार करून सांगितलं, "सध्या नाही. लागली तर कळवते." त्या रविवारी मी वाजवायला बसलो तेव्हा पट्टीवरून बोट आपोआप उचललं जाऊ लागलं आणि पेटीतून खरोखर तारेचा, कोरडा, दुपारच्या उन्हासारखा आवाज आला. मी मॅडमकडे बघितलं. त्या घड्याळाला किल्ली देत होत्या. "चालेल," त्या म्हणाल्या. माझा रक्तदाब त्या दिवशी नक्की वाढला असणार.

पूर्वा नावाची एक मुलगी माझ्याच वेळेला यायची. इंजिनीअरिंगला होती आणि मॅडमच्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत तयार होती. तिला एका रचनेत डाव्या हाताचा ठेका जमत नव्हता, तर मॅडम एका रविवारी सकाळी आम्हा दोघांना राजवाड्याच्या मागे घेऊन गेल्या. तिथे लग्नाच्या ऑर्डरसाठी ढोलवाले बसलेले असतात. मॅडमनी त्यातला एक निवडला.

"मॅडमजी, शादी कब की है?" त्यानं विचारलं.

"शादी नहीं है. आप बजाइए, हमको हाथ देखना है."

त्यानं आमच्याकडे बघितलं, मग ढोल गळ्यात घातला. माळव्याच्या ढोलाला एका बाजूला जाड दांडी असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक छडी. जाड बाजू जमीन हलवते, बारीक बाजू वर कडकडत राहते. मॅडम त्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर वाकून उभ्या होत्या. पूर्वाला म्हणाल्या, "बघ, जाड हाताला घाई नाही. बारीक हात कितीही धावू दे." एव्हाना लोक जमले होते. दोन तरुणांनी नाचायला सुरुवात केली होती. एका बाईंनी मला मुलीच्या लग्नाबद्दल शुभेच्छा दिल्या. मी आभार मानले, कारण त्या आवाजात खुलासा करणं शक्य नव्हतं. मॅडमनी एकदाही वर बघितलं नाही. त्यांचं बघून झालं तेव्हा त्यांनी हातानं थांबायची खूण केली. ढोल थांबला, नाचणारे थांबले आणि मॅडम म्हणाल्या, "चला, हिचा क्लास आहे."

त्याच वर्षी पूर्वाची परीक्षा होती. ही परीक्षा एक परदेशी मंडळ घेई. विजय नगरमधल्या एका हॉटेलातला छोटा हॉल त्यासाठी घेतलेला होता. परीक्षक बाहेरून आलेले, पांढऱ्या केसांचे, अतिशय नम्र गृहस्थ होते. पूर्वानं जी रचना वाजवली ती बॅगपाइपचं सोंग होती. डाव्या हातात दोन सूर सतत धरलेले, आणि वर उजव्या हातात धून. मॅडमनी तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाजवायला शिकवलं होतं. परीक्षक हळुवारपणे म्हणाले, "तुझ्या वाजवण्यात थोडं हळू, थोडं जोरात असं हवं होतं."

पूर्वा बाहेर आली आणि तिनं हे मॅडमना सांगितलं. मॅडम उठल्या. रिक्षा करून घरी गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत गादीची खोळ घेऊन परत आल्या.

"सर, पाच मिनिटं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"मॅडम, उमेदवारांबद्दल मला बोलता येत नाही. नियम आहे."

"उमेदवाराबद्दल नाही. वाद्याबद्दल."

त्यांनी पिशवी काखेत धरली, फुंकून भरली आणि वाजवायला सुरुवात केली. बंद हॉलमध्ये बॅगपाइप किती मोठा वाजतो, याची मला कल्पना नव्हती, हॉटेललाही नव्हती. शेजारच्या हॉलमध्ये साखरपुडा चालू होता. तिथले लोक हातात ताटल्या घेऊन बाहेर आले. वरात वेळेच्या आधी आली असं समजून मॅनेजर धावत गेटकडे गेला आणि तिथे कोणी नाही असं बघून धावत परत आला. मॅडमनी धून पूर्ण वाजवली, पिशवी खाली केली आणि विचारलं, "आता हे हळू कसं वाजवायचं, ते सांगा."

परीक्षकांनी मनापासून विचार केला. मग म्हणाले, "नाही वाजवता येणार."

"थँक यू," मॅडम म्हणाल्या आणि खोळ बांधायला लागल्या.

पूर्वाचे गुण काही वाढले नाहीत. ते वाढवायला मॅडम गेल्याही नव्हत्या. पुढच्या वर्षी तेच परीक्षक आले तेव्हा त्यांनी दारातच चौकशी केली, की त्या बाई येणार आहेत का, आणि येणार असतील तर शक्यतो बागेत वाजवतील का.

हा बॅगपाइप मॅडमना त्यांच्या वडिलांनी शिकवला होता. बाबा महूला राहत. पलटणीच्या बँडमध्ये पाईप वाजवत वाजवत हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नव्वदीला टेकलेले, पाठीत अजून ताठ. मॅडम लहान असताना त्यांनी अंगणात उभं करून मुलीला पाईप शिकवला. पियानो मॅडम शाळेतल्या एका सिस्टरकडून शिकल्या. त्याला बाबांनी कधी विरोध केला नाही, पण त्यांनी तो कधी ऐकलाही नाही. शाळेच्या कार्यक्रमांना ते येत आणि मुलीची पाळी आली की हॉलच्या बाहेर सायकल स्टँडपाशी जाऊन उभे राहत. पियानोला ते "टेबल" म्हणत. "तुझं टेबल बरं आहे का?" असं फोनवर विचारत.

यामागचं कारण मॅडमनी मला एकदा वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. "आमचे आजोबा ऑफिसर मेसमध्ये ऑर्डर्ली होते, साहेबांची पडेल ती कामं करायचे. तिथे पियानो होता. रोज सकाळी पुसायचे, पट्ट्यांसकट. साहेब लोक वर झोपलेले असत, म्हणून आवाज न करता. आपल्या लोकांना तिथे पुसायला हात लावायची परवानगी होती, वाजवायला नाही. एकदा बाबा सोबत गेले होते, लहान होते. त्यांनी एक पट्टी दाबली. आजोबांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, त्यांना मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही."

"मग?"

"मग काय. बाबा पाईप शिकले." त्यांनी सालं गोळा केली. "मटार घेऊन जा थोडे. जास्त झालेत."

एका हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले आणि कंबरेचं हाड गेलं. एकटं राहणं शक्य नव्हतं. मॅडम त्यांना आणायला गेल्या, तेव्हा त्यांनी अट घातली. "येतो. पण ते टेबल वाजवायचं नाही."

"टेबल वाजेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दार लावून घ्या."

बापलेकीचं यावर एकमत झालं. बाबा आतल्या खोलीत राहू लागले. आम्ही आलो की ते दार लावत आणि टीव्ही लावत. आम्ही वाजवू लागलो की टीव्हीचा आवाज वाढे. मॅडमनी कधी त्यांना हळू करायला सांगितलं नाही, आणि आम्हालाही नाही. रविवारची सकाळ अशी बातम्या आणि हंगेरीच्या एकत्र आवाजात जायची. मॅडम मधेच आत जाऊन चहा देऊन येत. दार उघडलं की बाबा कॉटवर बसलेले दिसत, समोर टीव्हीकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून. माझ्याकडे बघून मान हलवत. पियानोकडे बघत नसत.

एका रविवारी वीज गेली. टीव्ही बंद पडला. पूर्वाला परीक्षेतली ती बॅगपाइपची रचना पुन्हा दाखवण्यासाठी मॅडम स्वतः वाजवत होत्या. घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. खालच्या बॅटरीच्या दुकानातलं मशीनही थांबलं होतं. रचना अर्ध्यावर आली असेल, आणि बंद दाराआडून बाबांचा आवाज आला.

"कोण आहे तो?"

मॅडम वाजवत राहिल्या.

"पिशवी गळून राहिली त्याची," बाबा म्हणाले. "सांग त्याला."

मॅडमचे हात थांबले. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे जात होतो, त्यांना असं रचनेच्या मध्येच थांबताना पहिल्यांदा पाहिलं. पाईपच्या खालच्या सुराला काखेतली पिशवी सतत वारा पुरवते, म्हणून तो सूर खाली बसत नाही. पियानोचा सूर हातोडी लागली की त्या क्षणापासून विरत जातो. त्याला इलाज नाही. डाव्या हाताचे ते दोन सूर विरताना ऐकून फौजेतल्या म्हाताऱ्याला वाटलं होतं, की कोणा पाईपवाल्याची पिशवी फाटली आहे.

मॅडमनी हात उचलून पुन्हा पट्ट्यांवर ठेवले. मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी डावे दोन सूर विरायच्या जरा आधी, वरच्या सुरांच्या गर्दीत लपवून, हलकेच पुन्हा वाजवत गेल्या. रचना संपली.

"हां," आतून आवाज आला. "आता ठीक."

बाबांना खरंच बाहेर कोणी पाईप वाजवतंय असं वाटलं होतं, की त्यांना सगळं कळत होतं, हे मी सांगू शकत नाही. मॅडमनी त्यांना ते कधी विचारलं नाही. त्यांनी पूर्वाला सांगितलं, "असं वाजव," आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. चहा काही आला नाही.

पुढच्या रविवारी टीव्ही लागला, पण आवाज वाढला नाही. त्यानंतर दार किलकिलं राहू लागलं, आणि उन्हाळा लागेपर्यंत बाबा वॉकर घेऊन बाहेरच्या खुर्चीत येऊन बसू लागले. पियानोकडे पाठ करून बसत आणि सूचना देत. पाईपचा वारा तोडता येत नाही, म्हणून एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो. त्याला बाबा "चिमटा" म्हणत. "पोरी, चिमटा उशिरा काढून राहिलीस. दुखला पाहिजे, दिसला नाही पाहिजे." हे ते पूर्वाला सांगत, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून मान हलवत.

मग एकदा, आमचा तास संपला होता आणि आम्ही चपला घालत होतो, तेव्हा बाबा उठले. वॉकर सरकवत पियानोपाशी गेले. मॅडम मदतीला पुढे झाल्या नाहीत. बाबांनी वॉकर एका हातानं धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं मधली एक पट्टी दाबली. दाबून धरली. सूर वाजला, हळूहळू विरत गेला, आणि त्यांनी तो पार ऐकू येईनासा होईपर्यंत बोट उचललं नाही.

"बस?" त्यांनी विचारलं. "इतकंच?"

"इतकंच," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी मान डोलावली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी आणि पूर्वा जिना उतरलो.

त्या दिवाळीच्या आधी बाबा झोपेतच गेले. महूला त्यांच्या गल्लीत सगळे जमले होते. बुद्धवंदना झाली. मॅडम येणाऱ्या प्रत्येकाला बसायला खुर्ची मिळते आहे ना, हे बघत होत्या. माझी बायको त्यांचा हात धरून रडली, तेव्हा त्यांनीच तिला पाणी दिलं.

काही आठवड्यांनी त्यांनी आम्हाला सांगितलं, की त्या महूला राहायला जात आहेत. बाबांची पुढची खोली रिकामी आहे, पियानोला पुरेल. गल्लीतल्या मुलांना शिकवतील.

"आणि आम्ही?" पूर्वानं विचारलं.

"महूला बस जाते," मॅडम म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी सकाळीच स्कूटरवरून गेलो. जिना अरुंद असल्यामुळे पियानो गॅलरीतून दोरांनी उतरवायचा होता. मॅडम खाली रस्त्याच्या मध्यभागी छत्री आडवी धरून उभ्या होत्या आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा अडवत होत्या. कोणी हॉर्न वाजवला तर त्या नुसतं बघत. पियानो हवेत लोंबकळताना सगळा रस्ता मान वर करून उभा होता. तो सुखरूप टेम्पोत उतरला, तेव्हा हमालांपैकी एकानं त्याला नमस्कार केला.

ड्रायव्हरनं मॅडमसाठी पुढची सीट झाडून ठेवली होती. त्या तिथे बसल्या नाहीत. प्लास्टिकचं स्टूल मागवून घेतलं आणि मागे, उघड्या टेम्पोत, पियानोला लागून बसल्या. खळीची साडी, उन्हाचा चष्मा. मी स्कूटरवरून मागे निघालो. पहिल्याच सिग्नलला टेम्पो थांबला. शेजारच्या बाइकवरच्या मुलानं हेल्मेटची काच वर केली.

"आंटी, ये क्या है?"

"पियानो."

"बजता है क्या?"

"बजाना पड़ता है, भिया," मॅडम म्हणाल्या.

त्यानं थोडा विचार केला आणि काच खाली केली. सिग्नल हिरवा झाला. टेम्पो सुटला आणि महूच्या रस्त्याला लागला. माझ्यापुढे एक सिटी बस आडवी आली, म्हणून मी स्कूटर थांबवली आणि हात उंच करून हलवला. मॅडमनी मला पाहिलं. त्यांनी हात हलवला नाही. रस्ता खड्ड्यांचा होता, आणि त्यांचे दोन्ही हात पियानोवर होते.